समुद्रापलीकडची भावकी

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणारा किनाऱ्याचा रस्ता आरे-वारेच्या डोंगरावर चढला की एका वळणावर दोन्ही किनारे दिसतात. एका अंगाला आरे, दुसऱ्या अंगाला वारे, मधे समुद्रात घुसलेलं डोंगराचं नाक. रविवारी या वळणावर गाड्यांची रांग लागते. लोक फोटो काढतात, झिपलाइनवरून किंचाळत जातात, सुरूच्या बनात डबे उघडतात आणि पुळ्याला निघून जातात. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला असतात, कारण पाहण्यासारखं जे आहे ते तिकडेच आहे. वारेच्या वाळूवरून नाकासमोर सरळ गेलं तर पहिली जमीन लागते ती ओमानच्या सलालाजवळ. रत्नागिरी आणि सलाला जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. मॉरिशस गाठायचं तर दक्षिणेकडे पुष्कळ उतरावं लागतं, विषुववृत्त ओलांडून आणखी वीस अंश.

या पट्ट्यातून माणसं दोन दिशांना गेली. काही घाट चढून पूर्वेला गेली, काही बंदरावरून पश्चिमेच्या पाण्यात. पूर्वेला गेलेल्यांपैकी अनेकांच्या वंशावळी छापून, बांधून झाल्या. मूळपुरुषापासून आजच्या पणतवंडापर्यंत सगळे क्रमांक लावून बसलेले. पश्चिमेला गेलेल्यांचा कुलवृत्तांत कोणी लिहिला नाही. त्यांची नावं आहेत ती मॉरिशसमधल्या मोका या गावी, इंग्रज अमलातल्या वह्यांमध्ये. करारावर नेलेला मजूर पळून जाऊ नये, गेला तर धरता यावा, एवढ्यासाठीच त्या वह्या लिहिल्या गेल्या. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच्या गरीब कोकणी माणसाची इतकी तपशीलवार नोंद दुसरीकडे सापडणं अवघड. त्याच्या स्वतःच्या गावात तर नाहीच.

घाट चढलेले

आधी पूर्वेची दिशा पाहू, म्हणजे फरक ध्यानात येईल. आरे-वारेच्याच टापूत, रत्नागिरी तालुक्यात, कोतवडे नावाचं गाव आहे. इथले हरभट बाळंभट पटवर्धन पुळ्याच्या गणपतीचे उपासक. याच तालुक्यातल्या वरवड्याच्या जोशी घराण्यातले नारो महादेव संताजी घोरपड्यांच्या पदरी राहून वर आले, धन्याचं आडनाव त्यांनी घेतलं आणि इचलकरंजीकर घोरपडे झाले. हरभट त्यांचे कुलोपाध्याय झाले. १७१३ साली श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ पेशवे झाल्यावर कोकणातल्या माणसाला घाटावर वाट मोकळी झाली. बाळाजींची मुलगी अनुबाई इचलकरंजीच्या घरात पडली आणि त्या घरामार्फत हरभटांची मुलं पेशव्यांच्या फौजेत शिरली. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत सांगली, मिरज, जमखिंडी, कुरुंदवाड ही पटवर्धनांची संस्थानं उभी राहिली. उपाध्यायाच्या घरातून चार राजगाद्या निघाल्या.

अशा घराची वंशावळ शोधणं सोपं असतं, कारण शोधायला कागद असतात. सनदा असतात, इनामपत्रं असतात, वाटणीचे तंटे असतात, दत्तकाचे करारनामे असतात. मिरजेला शिक्षकी करणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातली पत्रं निवडून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापायला घेतला, तर त्याचे खंडामागून खंड निघाले. खरे स्वतः गुहागरचे, म्हणजे तेही घाट चढलेलेच. ज्याच्याकडे वतन त्याच्याकडे कागद, आणि ज्याच्याकडे कागद त्याला पूर्वज. विसाव्या शतकात कोकणस्थ आणि कऱ्हाडे घराण्यांनी कुलवृत्तांतांचा जो सपाटा लावला त्याच्या तळाशी हीच कागदांची चळत होती. जोडीला त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग इथल्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या. यात्रेला गेलेला माणूस स्वतःचं, बापाचं, आज्याचं नाव आणि गाव त्या वहीत लिहून येई; चार पिढ्यांनी गेलेल्या वंशजाला ते वाचायला मिळे. पण क्षेत्राला जायलाही गाठीला पैसा लागतो.

कुलवृत्तांत वाचणाऱ्याला त्यातली ठरलेली भाषा पाठ असते. मूळपुरुष, शाखा, घराणं, पिढी. अमका दत्तक गेला, तमका निर्वंश. आणि अधूनमधून एक शब्द येतो, परागंदा. जुन्या वसुली कागदांतही तो येतो. साऱ्याला कंटाळून किंवा दुष्काळाला भिऊन कूळ गाव सोडून गेलं की नावापुढे ‘परागंदा’ लिहायचं आणि हिशेब मिटवायचा. कुठे गेला, जगला की मेला, याच्याशी वसुलीला कर्तव्य नव्हतं.

बोटीत बसलेले

ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी कायद्याने संपली; मॉरिशसमध्ये तो कायदा १८३५ च्या फेब्रुवारीत लागू झाला. उसाचे मळे मात्र तिथेच होते आणि साखरेला इंग्लंडात भाव होता. मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायची टूम काढली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात लागलं. ते प्रयोगाचे मानले जातात. मजुरांच्या हालांवर इतका ओरडा झाला की १८३९ मध्ये कंपनी सरकारला ही निर्यात थांबवावी लागली. १८४२ च्या कायद्याने मॉरिशसपुरती ती पुन्हा खुली झाली आणि कलकत्ता, मद्रास यांच्या जोडीला मुंबई बंदरातूनही रीतसर भरती होऊ लागली. हा सगळा कारभार १९१० पर्यंत चालला, तुरळक पुढेही. साडेचार लाखांवर माणसं मॉरिशसला उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली साधारण तीस हजारांच्या घरात. सगळी मराठी नव्हती, पण जी मराठी होती त्यांत मोठा भरणा त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्याचा. म्हणजे आजचे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग धरून. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली.

माणसं का गेली, हे कोकणात वेगळं सांगावं लागत नाही. भाताची जमीन मूठभर, बाकी सगळा वरकस. डोंगरउतारावर नाचणी, वरी, हरीक काढायचं आणि दोन-तीन वर्षांनी ती जागा पड टाकायची. खोताचं देणं पिकाच्या हिश्शात, पुष्कळदा निम्म्यापर्यंत. वर वेठ वेगळी. रत्नागिरीच्या तरुणाला दोन वाटा माहीत होत्या. एक मुंबई फौजेची, दुसरी मुंबई शहराची. पावसाळा उतरला की पडावात किंवा मचव्यात बसायचं आणि मुंबईच्या बंदरावर मजुरी धरायची. मॉरिशसची भरती बहुधा तिथेच गाठायची. गावात येऊन कोणी मॉरिशसचं नाव काढत नसे. मुंबईत काम शोधणाऱ्याला दफेदार भेटे, नाही तर तिकडे एक मुदत काढून परत आलेला मुकादम. महिना पाच रुपये, वर शिधा, कपडा, औषधपाणी. ऐकायला बरं होतं. एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापतात, हे तिथे गेल्यावर कळे.

ओघ सर्वांत मोठा होता तो १८५० च्या दशकात. मग तो आटला, याचीही कारणं मुंबईतच सापडतात. १८५३ साली ठाण्याला आगगाडी गेली, पाठोपाठ बोरघाट फोडायचं काम निघालं. १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभी राहिली आणि १८५६ मध्ये गिरणीचा भोंगा वाजला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. हाताला काम बंदरापाशीच मिळू लागल्यावर काळं पाणी ओलांडायला कोण जाणार? १८६० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईहून मॉरिशसला होणारी भरती जवळपास संपली. १८८१ च्या शिरगणतीत मुंबई शहरात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली सव्वा लाखावर माणसं होती. ज्या धक्क्यावरून एक भाऊ मॉरिशसच्या जहाजात बसला त्याच धक्क्यावर पंधरा वर्षांनी दुसरा उतरला आणि गिरणगावात गेला. त्याची पोरं गणपतीला गावी येत राहिली. पहिल्याची आली नाहीत.

एका ओळीचा माणूस

पोर्ट लुईला जहाज लागलं की मजुरांना ज्या जागी उतरवत तिथे १८४९ साली आवार बांधलं गेलं. आज त्याचं नाव आप्रवासी घाट. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. बंदरातून वर येणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या तिथे शाबूत आहेत. २ नोव्हेंबरला मॉरिशसमध्ये सुट्टी असते आणि त्या पायऱ्यांपाशी कार्यक्रम होतो. वर आल्यावर मजुराला कारकुनापुढे उभं करत आणि वहीत एक ओळ लिहीत.

त्या एका ओळीत काय काय मावतं पाहा. चढता क्रमांक. नाव. बापाचं नाव. वय. उंची, फूट आणि इंचांत. जात. गाव, परगणा, जिल्हा. अंगावरची खूण: देवीचे व्रण, गोंदण, भुवईवरचा वार, करंगळीचं तुटलेलं पेर. जहाजाचं नाव. उतरल्याची तारीख. कुठल्या मळ्यावर धाडला. पुढे त्याच माणसाच्या नावावर भर पडत जाई. मळा बदलला, लग्न लागलं, मुदत संपली, परत गेला किंवा मेला. १८६० च्या दशकाच्या मध्यापासून फोटोही आले. १८६७ च्या मजूर कायद्याने तर मुदत संपलेल्या जुन्या मजुरालाही फोटो चिकटवलेलं तिकीट जवळ बाळगणं सक्तीचं झालं. तिकिटाशिवाय रस्त्यावर सापडला की भटक्या म्हणून धरायचे. म्हणून मुंबईची भरती फोटोच्या आधीच आटली असली तरी त्याआधी गेलेल्या कोकणी माणसांचे चेहरे वह्यांत आले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेतमजुराचा १८६० च्या दशकातला फोटो रत्नागिरीत शोधून मिळायचा नाही.

या तिकिटाच्या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये जुन्या मजुरांनी अर्ज केला. आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या मळेवाल्याने तो लिहून काढायला मदत केली आणि त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या-अंगठे पडले. लंडनहून रॉयल कमिशन आलं, १८७५ साली त्याचा अहवाल निघाला, कायदा काहीसा सैल झाला. वह्या मात्र चालूच राहिल्या. आज त्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. ही संस्था १९७० साली स्थापन झाली. मॉरिशसचा नागरिक आपल्या घरातले जन्म, लग्न आणि मृत्यूचे दाखले घेऊन तिथे जातो. जुन्या दाखल्यांवर पूर्वजाचा मजूर-क्रमांक लिहिलेला असतो. तो हाती लागला की वहीतली ओळ निघते, नशीब असलं तर फोटोही. इतिहासकार मरीना कार्टर यांनी मॉरिशसच्या मजूर कुटुंबांवर जे लेखन केलं तेही मोठ्या प्रमाणात अशाच सरकारी नोंदींवर उभं आहे.

या ओळीची एक बाजू आपल्या छापील कुलवृत्तांतांनाही लाजवणारी आहे. कुलवृत्तांतात बाई येते ती कोणाची तरी भार्या म्हणून. माहेरचं नाव लग्नात बदललेलं, मुलींची नावं पुष्कळदा गाळलेली, ‘दोन कन्या’ एवढंच. मोकाच्या वहीत मात्र बाईला तिचा स्वतःचा क्रमांक आहे, तिचं नाव आहे, तिच्या बापाचं नाव आहे, तिचं गाव आहे. तिच्या दंडावरचं गोंदणसुद्धा आहे. तिचा मान राखावा म्हणून कोणी हे लिहिलं नाही. ती करारावरची मजूर होती, म्हणून लिहिलं. पण त्यामुळे मॉरिशसमधल्या मराठी घराला आईच्या आईची वाट धरूनही मागे जाता येतं. बायका सुरुवातीला फार कमी गेल्या, लग्नं जिथे जमली तिथे झाली. बाप रत्नागिरीचा आणि आई भोजपुरी किंवा तेलुगू, अशी घरं झाली. अशा घराची वंशावळ एका बुंध्याची काढताच येत नाही.

बापाचं नाव आडनाव झालं

खरी अडचण पुढे सुरू होते. मॉरिशसच्या मराठी माणसाचं आजचं आडनाव ऐकलं तर कोकणातला माणूस बुचकळ्यात पडेल. भिवाजी, सखाराम, तुकाराम, रामजी: ही तिथली आडनावं आहेत. वहीत माणसाचं नाव आणि बापाचं नाव एवढंच होतं. पोर जन्मलं तेव्हा फ्रेंच वळणाच्या नोंदणी कचेरीने बापाचं पाळण्यातलं नाव पोराचं आडनाव म्हणून लिहून टाकलं आणि ते कायमचं चिकटलं. बिहारकडच्या घरांचंही असंच झालं. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांचे वडील मोहित रामगुलाम बिहारमधल्या हरिगावचे. शिवसागर यांचे चिरंजीव नवीन रामगुलाम यांनी पंतप्रधान असताना २००८ मध्ये हरिगावला भेट दिली तेव्हा सगळं गाव लोटलं होतं.

मूळ आडनाव कारकुनाने घालवलं, असं म्हणणंही पुरतं खरं नाही. १८४०-५० च्या सुमारास कोकणातल्या कुणब्याला आडनाव सांगायची वेळ कितीशी येत होती? गावात त्याची ओळख वाडीवरून आणि बापावरून होती. वरच्या वाडीतल्या धोंडूचा रामा. आडनावं पक्की झाली ती पुढे, शाळेच्या पटावर आणि जमिनीच्या कागदांत. म्हणजे जो आधी गेला तो मूळपुरुषाचं नाव आडनाव म्हणून घेऊन राहिला, आणि जे मागे राहिले ते मागाहून आडनावाचे झाले. दोघांची नावं आज जुळत नाहीत यात नवल नाही.

गावाच्या नावाचं तर विचारूच नका. वह्यांतल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या स्पेलिंगची तऱ्हा बघूनच पुढचा अंदाज येतो. मजुराने आपल्या बोलीत सांगितलेलं, दुभाष्याने त्याच्या भाषेत ऐकलेलं, कारकुनाने इंग्रजीत किंवा फ्रेंच कानाने लिहिलेलं नाव. अनुनासिक गळतात, ‘ळ’ चा ‘ल’ होतो, ‘व’ आणि ‘ब’ एकमेकांच्या जागी बसतात. वाडीचं नाव गाव म्हणून लिहिलेलं असतं, कधी जवळच्या बंदराचं. गाव बरोबर वाचता आलं तरी एकाच नावाची गावं ढीगभर. आरेचंच घ्या. आरे इथे आहे, आरे गुहागरला आहे, आरे देवगडातही आहे. मुंबईतल्या आरेचं तर विचारायलाच नको. म्हणून जुन्या कागदांत गावाच्या नावापुढे तर्फ जोडत. वहीतला परगण्याचा रकाना अशा वेळी गावाच्या रकान्याहून जास्त कामाला येतो. आणि हे स्पेलिंग पडद्यावर बघत बसण्यापेक्षा त्या टापूतल्या म्हाताऱ्या माणसापुढे मोठ्याने वाचलेलं बरं. कानाने लिहिलेलं कानानेच उलगडतं.

गावाकडचं टोक

समजा, गाव सापडलं. तिकडचा माणूस विमानाने मुंबईला, तिथून कोकण रेल्वेने रत्नागिरीला आणि रिक्षाने गावात आला. पहिला प्रश्न त्याला ठरलेला: तुम्ही कोणापैकी? याचं उत्तर शोधायलाच तर तो आलेला असतो.

तलाठ्याकडे जाऊन उपयोग किती, ते आधी समजून घेतलेलं बरं. रत्नागिरीत बहुतेक गावं खोतीची. सरकारला सारा भरायचा तो खोताने. कसणारा कोण याच्याशी सरकारचा थेट संबंध नाही. १८८० चा खोती कायदा झाला आणि त्यानंतरच्या मोजणीत कोणती जमीन कोणत्या कुळाच्या वहिवाटीला आहे याची नोंद झाली. हीच ती बोटखतं. आजही जमिनीच्या तंट्यात वकील पहिल्यांदा ‘बोटखत आहे का’ विचारतो. कसणाऱ्याचं नाव सरकारी कागदावर असं ठळक आलं ते तेव्हा. मॉरिशसची मुंबईकडची भरती संपली १८६५ च्या आसपास. म्हणजे समुद्रापलीकडची वही जिथे संपते आणि गावातला कागद जिथे सुरू होतो, त्यांच्यामधे पंधरा-वीस वर्षांची फट आहे. जो गेला त्याचं नाव बोटखतात नाही, आणि बोटखतात ज्याचं नाव आहे तो गेलेल्याचा भाऊ की पुतण्या, हे कागद सांगत नाही. त्याआधीचं काही असेल तर ते खोताच्या घरच्या मोडी दफ्तरात, माळ्यावरच्या रुमालात. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. बरीच दफ्तरं वाळवीने नेली, काही पेटवणात गेली.

ही फट भरायला कागदाबाहेरच यावं लागतं. कोकणात गावाची वंशावळ लिहून ठेवलेली नसते. ती दरसाल पार पाडली जाते. शिमग्यात ग्रामदेवतेच्या पालखीला रूपं लागतात, पालखी सहाणेवर बसते आणि मग घरोघर निघते. कोणत्या वाडीत आधी, त्या वाडीत कोणत्या घरी आधी, पहिला खांदा कोणाचा, नारळ कोणाच्या हातचा, हे सगळं ठरलेलं. त्या क्रमात गावात आधी कोण आलं, रान कोणी तोडलं, कोणाची शाखा थोरली आणि कोणाची धाकटी, हे सगळं भरलेलं असतं. मान एका पायरीने इकडचा तिकडे झाला तर पालखी जागेवर अडते आणि प्रकरण तहसीलदारापर्यंत जातं. बाहेरच्याला हे भांडण पोरकट वाटतं. पण ज्याच्याकडे सनद नाही, त्याच्या थोरलेपणाचा दाखला तेवढाच आहे.

गणपतीतही तेच. अनेक भावक्यांत गणपती एकच, तोही मूळ घरात. मुंबईहून, पुण्याहून, बडोद्याहून आलेले सगळे त्या एका घरात दाटीवाटीने झोपतात. नवा गणपती मांडला म्हणजे घर फुटलं, असा त्याचा अर्थ गाव लावतो. कोणत्या घराने कोणाच्या आज्याच्या वेळी गणपती वेगळा केला, हे बायकांना विचारावं. त्यांना नैवेद्याच्या हिशेबाने सगळं ठाऊक असतं. म्हाळाला मात्र फार मागे जाता येत नाही. बाप, आजा, पणजा. चौथा पितर नावाने हाक मारण्यातून सुटतो. आणि मॉरिशसला गेलेला माणूस आज पाचवा, सहावा किंवा सातवा आहे.

म्हणून कोणी तिकडून आला आणि गावातल्या पहिल्याच आडनाववाल्याने ‘तुम्ही आमच्यातलेच’ म्हणून मिठी मारली, तर ती मिठी गोड मानावी, पण वंशावळीत लिहू नये. रामा आणि धोंडू ही नावं प्रत्येक वाडीत पाच-पाच सापडतील. बाप आणि मुलगा यांच्या नावांची जोडी, गाव, जात आणि देवघरातलं दैवत, एवढं सगळं एका रेषेत आलं तर भावकी जुळली म्हणायची. यातलं एक जरी सुटलं तरी ती नुसती ओळख.

कोकणातल्या लोकांना ही शोधाशोध आता परकी राहिलेली नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि महाराष्ट्रभर जुनी दफ्तरं उघडली. शाळेचे पट, जन्म-मृत्यूची गावनमुन्याची रजिस्टरं, खासरापत्रकं. मोडी वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला. सेतू कार्यालयाबाहेर वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करून द्यायला टेबलं मांडली गेली. एरवी पणज्याचं नाव विचारलं तर डोकं खाजवणारी पोरं आता खापरपणज्याच्या दाखल्याचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन फिरतात. कागदाशिवाय पूर्वज नाही, हे पटवर्धनांच्या काळचं गणित आता सगळ्यांना लागू झालं आहे.

तिकडे काय टिकलं

मॉरिशसमध्ये मराठी माणसं लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास. घरात क्रिओल चालते, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच. प्राथमिक शाळेत मराठी हा विषय घेता येतो. पश्चिमेच्या ब्लॅक रिव्हर भागातलं कास्कावेल हे मराठी वस्तीचं जुनं गाव, आणि वाक्वाच्या बाजूला पुढे बरीच घरं गेली. वाक्वाजवळ हेन्रिएटा इथे भिवाजी कुटुंबाने १८९६ साली गणपती बसवला. तिथल्या गणेशोत्सवाची सुरुवात ती धरतात. आज गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. लोकमान्य टिळकांनी पुण्यात सार्वजनिक गणपतीला जोर दिला तो याच दशकात. पण हेन्रिएटाचा गणपती मंडळाचा नव्हे; तो कुटुंबाचा, मूर्ती घरी आणून मग पाण्याकडे नेण्याचा, म्हणजे कोकणातलाच.

वंशावळ शोधणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत बोलका पुरावा मात्र पायांत आहे. मॉरिशसचे मराठी लोक सणाला झाकडी नाचतात. रत्नागिरीत हीच जाखडी. मधे ढोलकी-मृदंग आणि झांज घेऊन गाणारे, भोवती गोल धरून नाचणारे, पायात चाळ. एक फेरी, गिरकी, उलटी फेरी. गणपतीच्या दिवसांत शक्तिवाले आणि तुरेवाले रात्रभर एकमेकांना सवाल टाकतात. मुंबईकरांनी याला बाल्या डान्स म्हणून नाव पाडलं. जाखडीचा मुलूख ठरलेला आहे: रत्नागिरी, संगमेश्वर, लांजा, राजापूर, गुहागर, चिपळूण. तिथून खाली मालवण-कुडाळकडे गेलं की दशावताराचं राज्य सुरू होतं. वहीत नुसतं जिल्ह्याचं नाव असेल आणि गावाचा रकाना वाचता येत नसेल, तर घरात जाखडी होती का, हे विचारल्याने शोधाचा टापू निम्मा तरी कमी होईल. पुरावा म्हणून तो कोर्टात चालणार नाही. पण दिशा दाखवायला पुरेसा आहे.

सातवी पिढी

आजवर हा शोध हौसेचा होता. १२ मार्च २०२४ रोजी मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू तिथे गेल्या होत्या. भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळेल, अशी खास तरतूद केल्याचं त्यांनी जाहीर केलं. एरवी ही मर्यादा चौथ्या पिढीपाशी थांबते. सातव्या पिढीचा पुरावा द्यायचा म्हणजे मोकाच्या वहीपर्यंत जावंच लागणार, आणि तिथे गेलेला माणूस गावाचं नाव घेऊनच बाहेर पडणार. त्यातले काही जण रत्नागिरीच्या स्टेशनावर उतरतील. त्यांना कार्डासाठी आपल्याकडून काही लागणार नाही. त्यांचा कागद आपल्यापेक्षा पक्का आहे. त्यांना हवं असेल ते कागदात नसलेलं: घराचं जोतं कुठे होतं, पाणवठा कोणता, देव कोणता.

याला आपली तयारी काय आहे? करण्यासारखं काम फार मोठं नाही. गावागावाने आपल्या पालखीचा क्रम वाडीवार, घरवार लिहून काढावा. तंटा असेल तर दोन्ही बाजू लिहाव्यात, निकाल देऊ नये. घरात बोटखत असेल त्याने फोटो काढून ठेवावेत. खोताच्या वंशजांनी माळ्यावरचे रुमाल खाली घ्यावेत आणि मोडी येणाऱ्याला एकदा दाखवावेत. खोती गेली, आता त्या कागदांनी कोणाचं नुकसान व्हायचं नाही. प्रत्येक भावकीने आपल्या वंशावळीत निघून गेलेल्यांची जागा रिकामी ठेवावी, पुसू नये. ‘अमका मुंबईस गेला, परत आला नाही’ एवढं एक वाक्य जरी कोणा आजीच्या तोंडून मिळालं, तरी मोकाच्या वहीतल्या एखाद्या ओळीला ते टेकू देऊ शकेल.

गेलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा मुदत संपवून हिंदुस्थानात परतला. म्हणजे त्या वह्यांत फक्त तिकडच्यांचेच पूर्वज नाहीत. पाच-दहा वर्षं ऊस तोडून, थोडे पैसे गाठीला बांधून गावी परत आलेला, इथेच लग्न करून इथेच मेलेला एखादा पणजा रत्नागिरीतल्या कितीतरी घरांचाही असेल. मोकाला तेव्हा तिकडच्यांनीच जावं असं नाही. वारेच्या किंवा नेवऱ्याच्या माणसानेही आपल्या घरातला तो माणूस तिथे शोधायला हरकत नाही. त्याची उंची किती होती आणि कपाळावर कुठे खूण होती, हे आपल्या गावात कोणाला सांगता यायचं नाही. तिथे ते लिहिलेलं आहे.